पापलेट खाऊन उपवास?

या खेपेला क्रुसाच्या वाटेविषयी लिहीन म्हणालो होतो. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण वसईच्या एका वाचकाच्या पत्राने माझं जुनंच दुखणं उकरून काढलंय. ते विचारतात, 'उपवासकाळातल्या शुक्रवारी मटण वर्ज्य, पापलेट मात्र चालतं. मग आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांचा यात त्याग तो कसला?'

प्रश्न बरोबर आहे. 13व्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या नियमाचं कारण दिलं, ते असं: जमिनीवरच्या प्राण्यांचं मांस जिभेला जास्त सुखावतं आणि अंगालाही जास्त लागतं, म्हणून ते वर्ज्य. इटलीतल्या या थोर माणसाच्या पानात आमच्याकडचं चिंच-खोबऱ्याचं कालवण पडलं असतं, तर मासळी एवढ्या सहज सुटली नसती असं मला वाटतं.

तेव्हा अंडी, दूध, लोणीसुद्धा बंद असे. उत्तर युरोपात ऑलिव्हचं तेल कुठलं, तिथे सगळा स्वयंपाक लोण्यावर. मग पैसे भरून लोण्याची परवानगी मिळू लागली. फ्रान्समधल्या रुआँ कॅथेड्रलच्या एका मनोऱ्याला आजही 'लोण्याचा मनोरा' म्हणतात, तो याच पैशांवरून. मार्टिन ल्यूथरने 1520 मध्ये या सवलतींच्या बाजारावर तोंडसुख घेतलं, ते उगाच नाही. 1966 मध्ये पोप पॉल सहावे यांनी नियम बराच सुटसुटीत केला. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे एवढे दोनच दिवस सक्तीचा उपवास ठेवला आणि प्रार्थना, उपवास, दानधर्म हे त्रिकूट एकत्र बांधलं.

दानधर्माचा धागा मात्र फार जुना. 5व्या शतकात पोप लिओ पहिले उपवासकाळातल्या प्रवचनांत बजावत, की आपल्या ताटातलं जे वाचेल ते गरिबाच्या ताटात जायला हवं.

काही वर्षांपूर्वी एका शुक्रवारी मी तळलेल्या पापलेटाची दुसरी तुकडी उचलत होतो, तेव्हा बायको म्हणाली, 'अहो, आज उपवास ना?' हिशेब केला, तर मासळी मटणापेक्षा महाग पडली होती. पुढच्या शुक्रवारपासून घरात डाळभात सुरू झाला आणि मासळीचे पैसे बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात पडू लागले. पहिल्या शुक्रवारी मी दिवसभर चिडचिड केली. बायकोने मत्तयाचा सहावा अध्याय सुनावला, 'येशूने उपवास तोंड धुऊन करायला सांगितलाय, तोंड पाडून नाही.'

त्याच दिवशी चारच्या सुमारास, पोटात कावळे ओरडत असताना, प्रभूची प्रार्थना म्हणायला बसलो आणि भाकरीपाशी अडकलो. 'रोजची' हा शब्द मी चाळीस वर्षं भरल्या पोटाने म्हणत आलो होतो. रोज भाकर मिळेल की नाही, ही काळजी मला कधी शिवलीच नव्हती. मग मी इतकी वर्षं मागत होतो ते काय? प्रार्थना पुढे सरकायला बराच वेळ लागला. पवित्र गुरुवारी डबा पॅरिशच्या गरिबांसाठीच्या पेटीत रिकामा केला, तेव्हा ती भाकर आता कुणाच्या घरी जाईल, हेच डोक्यात होतं.

तेव्हा वाचकबंधू, नियमाने पापलेट चालतं. पण तुमचा जीव त्यातच अडकला असेल, तर सोडायचं तेच. पत्राच्या शेवटी तुम्ही सुक्या बोंबलाचंही विचारलंय. चर्चची त्याला हरकत नाही. आमच्या घरी त्यावर अजून एकमत झालेलं नाही.