चौथी कळ कोणी दाबली?
पॉवर प्रेसवर हात साच्याबाहेर राहावेत म्हणून दोन बटणे एकदम दाबावी लागतात, हे चाकण-पिंपरीतल्या कामगारांना ठाऊक असते. तिथे प्रत्येक बटणाची तार वेगळी. संगणकाच्या कळफलकात मात्र शंभरेक कळांखाली आडव्या-उभ्या तारांची जाळी असते. आयताच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा दाबल्या, की वीज वळसा घेते आणि न दाबलेली चौथी कळ दाबल्याचा भास होतो. तो टाळायला काही कळफलक तिसरी कळच नाकारतात. प्रत्येक कळेला डायोड असेल, तर वीज एकाच दिशेने जाते. रंगीत दिवे किंवा मॅक्रो, म्हणजे साठवलेला कळांचा क्रम, हा दोष सुधारत नाहीत. म्हणून खेळासाठी मेकॅनिकल कळफलक निवडताना आपण आधी वेगवेगळ्या तीन-तीन कळा एकदम दाबून पाहू.