पोटखराब म्हणून लिहिलेले रान

नोकरीची बहुतेक वर्षे प्रस्तुत लेखकाची महसूल कचेरीत सातबाऱ्याचे उतारे लिहिण्यात गेली. त्या काळात ‘पोटखराब’ हा शब्द किती सहस्र वेळा कागदावर उतरला असेल, त्याची गणती नाही. गट नंबराच्या पोटातील जी जमीन पिकास निरुपयोगी, ती पोटखराब. तिच्यावर आकार नाही, म्हणून तिचा विचारही नाही. सेवानिवृत्तीनंतर स्वतःच्या बांधावर बसू लागल्यावर मात्र ह्या शब्दाने आपणा सर्वांची फसवणूक केली आहे, असे वाटू लागले. त्याची कारणे शेतकरी बंधूंपुढे मांडावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम आपल्या मुलखाची ठेवण पाहू. भूम, वाशी, धाराशिव व तुळजापूर ह्या तालुक्यांतून बालाघाटाची रांग वायव्येकडून आग्नेयेकडे जाते. तिच्या माथ्यावर काळ्या पाषाणावर वीतभर मुरूम, ह्यापलीकडे माती नाही. खालच्या खोऱ्यांत मात्र त्याच पाषाणाची झीज युगानुयुगे साचून कसदार काळी जमीन झाली आहे. ह्या रांगेच्या एका अंगास पडलेले पाणी तेरणा व मांजरा ह्यांच्या वाटे गोदावरीस जाते. दुसऱ्या अंगाचे सीना व बोरी ह्यांच्या वाटे भीमेस, आणि भीमेतून कृष्णेस मिळते. दोन महानद्यांस पाणी वाटून देणारा हा माथा आपल्या विहिरींसही पाणी देतो. पण उतारावर गवत व झुडूप असेल तरच. उघड्या मुरमावरून पाऊस धावत सुटतो, मुरत नाही. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला, २०१५-१६ ची टंचाई आपण सर्वांनी भोगली. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने ह्याच जिल्ह्यातील कितीतरी शेते खरडून नेली. पाणी न मिळणे व पाणी अंगावर येणे, ह्या दोन्ही आपत्तींचे एक मूळ उघड्या डोंगरांत आहे.

आपल्या जिल्ह्यात झाडांनी झाकलेले रान शेकडा एकही भरत नाही. जे आहे त्याचा नमुना पाहावयाचा तर येडशीस जावे. तेथील रामलिंग घाटाचे सुमारे २२ चौरस किलोमीटरांचे रान १९९७ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. रावणाशी झुंजलेला जटायू येथेच पडला, अशी लोकांची श्रद्धा आहे. रान उन्हाळ्यात निष्पर्ण होणारे. धावडा, खैर, सालई, पळस, हिवर, बोर, मध्येच सीताफळ व करवंदीच्या जाळ्या, उघड्यावर तरवड. फाल्गुनात पळस पेटतो, तेव्हा बाकीचे रान वाळके दिसते. परंतु मृगाचा पाऊस पडताच पंधरा दिवसांत तेच रान ओळखू येत नाही.

झाडांहूनही आपल्या उपयोगाचे आहे ते माळाचे गवत. पवन्या व मारवेल ही उत्तम वैरण. अविचाराने चराई झाली की ही गवते मागे हटतात व कुसळी माजते. उस्मानाबादी शेळी देशभर नावाजली गेली. एका वेतात दोन करडे देणारी, झाडपाल्यावर निभावणारी ही काळी शेळी ह्याच झुडपी माळांवर घडली आहे. ज्या जमिनीने असे जनावर दिले, तिला निरुपयोगी म्हणावे काय?

आता वन्य प्राण्यांविषयी. त्यांचे केवळ गोडवे गाणे शेतकऱ्याच्या पत्रात शोभणार नाही. रानडुकरांचा कळप एका रात्रीत भुईमुगाचे वावर उकरून टाकतो. काळविटे हरभऱ्याचे शेंडे खुडतात. परंतु जमाखर्च दोन्ही बाजूंनी लिहावा. कोल्हा, खोकड, रानमांजर, घुबड व धामण हे उंदरांचे वैरी होत. लांडगा मेंढरांस नडतो हे खरे, परंतु सशांवर व हरणांच्या पाडसांवर जरब ठेवणाराही तोच. माळ मोडला की ही राखण करणारी मंडळी प्रथम जातात. डुक्कर मात्र उसाच्या फडात बिऱ्हाड थाटून राहते.

येथे स्वतःची चूक सांगणे कर्तव्य आहे. २०१८ साली शासनाने नियम सुधारून पोटखराबाच्या ‘अ’ वर्गातील खडकाळ वगैरे जमीन शेतकऱ्याने लागवडीस आणल्यास तिची आकारणी करण्याची सोय केली. नाले, रस्ते आदींचा ‘ब’ वर्ग राखीवच राहिला. पूर्वीच्या मेहनतीने पिकाखाली आलेल्या जमिनीची नोंद व्हावी, हा हेतू योग्यच होता. लेखकाने मात्र त्याचा लोभी अर्थ केला. उताराच्या तीस गुंठ्यांवरील बोरी व गवत जेसीबी लावून काढले आणि सोयाबीन पेरले. थोरल्या बंधूंनी, “दादांनी हा तुकडा कधी मोडला नाही, तू मोडू नकोस,” असे बजावले होते. कागद जाणणाऱ्याने माती जाणणाऱ्याचे ऐकले नाही. पहिल्या वर्षी बियाण्याचा खर्च जेमतेम निघाला. दुसऱ्या वर्षी दोन मोठ्या पावसांत मुरूम वाहून खालच्या काळ्या रानात पसरला व विहिरीत गाळ भरला. तीस गुंठे मिळविण्यासाठी एक एकर बिघडविला. पुढे तेथे समपातळीवर चर खोदून मारवेलाची ठोंबे लावली. आज तेथून दोन जनावरांची वैरण निघते. विहीर सावरण्यास मात्र वेळ लागत आहे.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचा धडाही लक्षात घ्यावा. माळढोकासाठी १९७९ साली तेथे अभयारण्य झाले. पण भोवतालचे माळ मोडत गेले, आणि अलीकडच्या गणनांत हा पक्षी एखाद-दुसराच आढळला. उलट, डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रानात चक्क वाघ दिसला. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वराहून तो आला होता. वाटेत सलग अरण्य नाही. नाल्यांचे काठ, झुडपी माळ व पडीक तुकडे ह्यांच्याच आडोशाने तो आला असला पाहिजे. त्याने गुरे मारली, गावोगाव भीती पसरली; ती भीती खोटी नव्हती.

म्हणून सूचना थोडक्यात अशा : उताराचा पोटखराब नांगरू नये, त्यावर चर खोदून गवत राखावे. पावसाळ्यात तेथे चराई बंद ठेवून कापणी करावी. नाल्याकाठची झाडे तोडू नयेत. वन्य प्राण्यांनी पीक नासल्यास तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज द्यावा. जनावर मारले गेल्यास ४८ तासांच्या आत कळवावे, व पंचनाम्यापूर्वी मृत जनावर हलवू नये. विषप्रयोग व विजेची तार ह्यांच्या वाटेस जाऊ नये. तो गुन्हा आहे, आणि अशा तारेने शेजाऱ्याचा जीवही जाऊ शकतो.

सातबाऱ्यावरील शब्द बदलणे आपल्या हाती नाही. परंतु पुढच्या वेळी उतारा हाती आला, म्हणजे ‘पोटखराब’ ह्या रकान्यातील आकड्याकडे पाहून, आपल्या विहिरीचे पाणी येते कोठून, एवढा विचार प्रत्येकाने करावा.