तिसऱ्या उघडा, पण बोट आणि पोट सांभाळून

रविवारी नाक्यावर कोळीणमावशी तिसऱ्यांचे वाटे मांडून बसल्या की आपल्या वस्तीत घरोघरी कालवणाचा बेत ठरतो. प्रथिने, लोह आणि ब-१२ जीवनसत्त्व देणारे हे अन्न चांगलेच आहे. पण घट्ट मिटलेली तिसरी विळीवर उघडताना बोट कापते आणि घाईत शिजवली तर पोट बिघडते. दोन्ही टाळायला खास सुरी लागत नाही, झाकणाचे पातेले पुरते.

घरी आणलेल्या तिसऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नयेत. तोंड उघडे असलेली तिसरी हलकेच ठोकून पाहावी. जिवंत असेल तर ती मिटते. न मिटणारी, फुटलेली किंवा वास मारणारी टाकून द्यावी. उरलेल्या तासभर मिठाच्या पाण्यात ठेवाव्यात, म्हणजे रेती सुटते. मग चोळून दोन-तीन पाण्यांनी धुवाव्यात.

आम्ही घरी असे करतो : पातेल्यात पेलाभर पाणी उकळले की तिसऱ्या टाकून झाकण ठेवतो. ३-४ मिनिटांत त्या आपोआप उघडतात. मात्र उघडली म्हणजे शिजली, असे नाही. उघडल्यावर आणखी ५ मिनिटे उकळू द्यावे. तरीही मिटून राहिलेली तिसरी फेकावी, विळीने उघडू नये. पातेल्यातले पाणी फडक्याने गाळून कालवणात घालावे.

एवढी काळजी कशासाठी? तिसरी पाणी गाळून त्यातले अन्न खाते. पाण्यात सांडपाणी मिसळले असेल तर काविळीचे विषाणूही तिच्यात साठतात. १९८८ साली चीनमधील शांघाय शहरात अर्धकच्च्या शिंपल्या खाऊन सुमारे ३ लाख लोकांना कावीळ झाली होती. म्हणून नाल्याच्या तोंडाशी मिळालेल्या तिसऱ्या आणूच नयेत. कारखान्याच्या पाण्यातले विष तर उकळूनही जात नाही.

डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली तर माळ घालण्यात आणि कावीळ उतरवून घेण्यात दिवस घालवू नका. सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त तपासा. तथागतांनी दुःखाचे कारण शोधायला शिकवले. इथे कारण कोणाचा कोप नाही, दूषित पाणी आणि कच्चे अन्न आहे. हातावर पोट असलेल्या घरात एक आजारपण म्हणजे कितीतरी दिवसांचा खाडा. चुलीवरची ५ मिनिटे त्यापेक्षा स्वस्त आहेत.