काठावरची गर्दी

दुपारचे चार वाजून गेले, की बोर्निओतल्या सुकाऊ गावच्या धक्क्यांवरून लहान उघड्या होड्या एकामागून एक सुटतात. किनाबातांगान नदी इथे रुंद, संथ आणि दुधाळ चहाच्या रंगाची आहे. थोडं अंतर कापून होडी मेनांगुल नावाच्या उपनदीत वळते. पात्र अरुंद होतं, दोन्ही काठांची झाडं जवळ येतात आणि नावाडी इंजिन बंद करतो. मग फक्त वर बघायचं. एक फांदी हलते, दुसरी हलते, आणि तांबूस अंगाचा, पांढऱ्या शेपटीचा, हनुवटीखाली लोंबणाऱ्या नाकाचा एक धिप्पाड नर उडी मारून उघड्या फांदीवर येऊन बसतो. त्याच्यामागून माद्या येतात, त्यांच्या पोटाला बिलगलेली पिल्लं येतात. तासाभरात असे तीन-चार कळप दिसून जातात.

हे प्रोबोसिस माकड. जगात ते फक्त बोर्निओ बेटावर आहे. सबाह या मलेशियाच्या राज्यातली किनाबातांगानची सफर गाजली, ती बरीचशी त्याच्यामुळे. दोन दिवसांत चार फेऱ्या केल्या, तर ही माकडं, मगरी, धनेश, आणि नशीब असेल तर ओरांगउटान आणि हत्तीसुद्धा होडीत बसल्या जागी दिसतात. एवढं सगळं इतक्या सहज दिसल्यावर पाहुण्याला वाटतं, हे जंगल किती भरलेलं आहे! काठावरच्या या गर्दीची कारणं मात्र दोन आहेत. एक निसर्गातलं आहे आणि दुसरं माणसानं घडवलेलं. सफर करणाऱ्यानं दोन्ही समजून घ्यायला हवीत.

माकडं संध्याकाळी नदीवर का येतात?

सदाहरित वर्षावनात पायी फिरणाऱ्याला प्राणी फारसे दिसत नाहीत. आंबोलीच्या किंवा कोयनेच्या रानात शिरलेल्या माणसाला हा अनुभव असतो: आवाज भरपूर, दर्शन दुर्मीळ. झाडांचे थर एकावर एक, उजेड कमी आणि नजर दहा पावलांवर अडते. नदी या दाट रानाला मधोमध फट पाडते. फटीतून ऊन आत येतं, काठाच्या झाडांना पालवी आणि फळं भरपूर येतात आणि बघणाऱ्याला मुळापासून शेंड्यापर्यंत अख्खं झाड समोर दिसतं.

प्रोबोसिस माकड तर नदीशी बांधलेलंच आहे. दिवसा ते चरत आत काही शे मीटर जातं आणि मावळतीला झोपायला हटकून काठावर परततं. मेनांगुलच्या काठी अनेक वर्षं निरीक्षणं करणाऱ्या इक्की मात्सुदा या जपानी संशोधकानं या सवयीचा बारकाईनं अभ्यास केला. पाण्यावर झुकलेल्या झाडाला एक बाजू पूर्ण मोकळी असते. त्या बाजूनं ढगाळ बिबट्या येऊ शकत नाही, आणि तो मागून आलाच तर अरुंद पात्रावरून पलीकडच्या झाडावर झेप घेता येते. म्हणूनच होड्या अरुंद उपनदी निवडतात आणि दुपारी चारनंतर निघतात. माकडांच्या झोपण्याच्या वेळेवर इथलं पर्यटनाचं वेळापत्रक बसलेलं आहे. या माकडाच्या पायाच्या बोटांमध्ये पातळ पडदा असतो आणि ते उत्तम पोहतं. पण खाली मगर आहे, त्यामुळे पोहणं हा शेवटचा उपाय.

मराठी वाचकासाठी हा प्राणी तसा परका नाही. आपल्याकडच्या काळतोंड्या वानराचा तो दूरचा भाऊबंद. दोघंही पानं खाणाऱ्या माकडांच्या एकाच उपकुळातले आणि दोघांच्याही पोटाला कप्पे असतात. त्या कप्प्यांत जिवाणू पानं आंबवतात आणि मग ती पचतात. ढेरी सुटल्यासारखी दिसते ती यामुळे. मात्सुदा आणि सहकाऱ्यांनी २०११ साली नोंदवलं, की ही माकडं कधी कधी खाल्लेलं पुन्हा तोंडात आणून चघळतात. गाईगुरांसारखं रवंथ माकडात आढळल्याची ती पहिली नोंद होती. नाकाचा उलगडा २०१८ च्या एका अभ्यासानं केला: मोठ्या नाकाच्या नराचं शरीर मोठं असतं आणि त्याच्याभोवती माद्याही जास्त असतात. नाकातून घुमणारा आवाज दाट रानातही त्याची वर्दी देतो.

वळणावळणाची नदी

किनाबातांगान ५६० किलोमीटर लांब आहे. सबाहच्या नैर्ऋत्येच्या डोंगरांत ती उगम पावते आणि पूर्वेला सुलू समुद्राला मिळते. खालच्या टप्प्यात उतार जवळजवळ संपतो आणि नदी नागमोडी होते. एखादं वळण इतकं वाढतं, की पुरात नदी त्याचा गळा कापून सरळ निघून जाते. मागे उरतं नालेच्या आकाराचं तळं. स्थानिक लोक त्याला दानाऊ म्हणतात. या शांत तळ्यांत मासे वाढतात आणि त्यांच्यामागे सापासारखी मान पाण्याबाहेर काढून पोहणारा तिरंदाज पक्षी येतो. जाड लाल चोचीचा मोठा खंड्या येतो, डोक्यावर ब्राह्मणी घार घिरट्या घालते. कोकणातल्या खाडीकाठच्या माणसाला हे शेजारी ओळखीचे वाटतील. समुद्राजवळ पाणी मचूळ झालं, की निपा ताडाची बेटं आणि कांदळवन सुरू होतं. समुद्रालगतच्या या पाणथळ पट्ट्याला २००८ मध्ये रामसर यादीत स्थान मिळालं.

बोर्निओत धनेशाच्या आठ जाती आहेत आणि आठही या नदीकाठी दिसतात. वड-उंबराच्या कुळातलं एखादं झाड फळाला आलं, की पहाटेच्या फेरीत तिथे मुक्काम ठोकावा. धनेश येतात, माकडं येतात, एखादा ओरांगउटानही फांद्या वाकवत पोहोचतो. गाईड अचानक ‘गाजाह, गाजाह!’ म्हणाला, तर मराठी माणसाला भाषांतर लागत नाही. संस्कृतातला गज मलय भाषेत हत्तीसाठी रोजच्या वापरात आहे. बोर्निओचा हत्ती आशियाई हत्तींमध्ये सर्वांत लहान चणीचा. काठावरचं उंच गवत खात कळप पुढे सरकतात आणि सोंडा वर धरून नदी पोहून जातात. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेनं या हत्तीची प्रथमच स्वतंत्र नोंद घेतली आणि त्याला संकटग्रस्त ठरवलं. रानात उरलेत सुमारे एक हजार.

गर्दीचं दुसरं कारण

सांदाकान शहरापासून सुकाऊपर्यंत मोटारीनं दोन-अडीच तास लागतात. त्या प्रवासात खिडकीबाहेर बघत राहिलं, की दुसरं कारण आपोआप कळतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोन् मैल एकच झाड दिसतं: तेलताड, म्हणजे ज्याच्या फळांतून पामतेल निघतं तो ताड. या सखल पूरमैदानात पूर्वी सलग वर्षावन होतं. आधी इमारती लाकडासाठी मोठे वृक्ष गेले आणि मागून मळे आले. नदीकाठची पुराची जमीन तेवढी बऱ्याच ठिकाणी वाचली, कारण तिथे ताडाची रोपं बुडून मरत होती.

या उरलेल्या पट्ट्याला सबाह सरकारनं २००५ मध्ये वन्यजीव अभयारण्याचा दर्जा दिला. क्षेत्र सुमारे २६ हजार हेक्टर, म्हणजे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या साधारण अडीच पट. पण बोरिवलीचं जंगल एका जागी आहे आणि हे दहा तुकड्यांत, नदीच्या दोन्ही अंगांना मण्यांसारखं विखुरलेलं आहे. मण्यांच्या मधे मळे, गावं आणि रस्ते. काही ठिकाणी काठापासून आत थोडं चाललं, की जंगल संपतं आणि ताडाच्या रांगा सुरू होतात.

म्हणजे होडीतून जी गर्दी दिसते, ती काही अंशी दाटीवाटी आहे. पूर्वी दूरवर पसरलेले प्राणी आता काठाच्या फितीवर गोळा झाले आहेत. ओरांगउटानला पोहता येत नाही. पूर्वी उपनद्यांवर दोन्ही काठांच्या फांद्या एकमेकींत गुंतायच्या आणि तो वरूनच पलीकडे जायचा. उंच झाडं गेली, मळ्यांचं पाणी काढायला चर खणले गेले, आणि त्याच्या वाटा तुटल्या. कळपानं फिरणाऱ्या हत्तीला एका मण्यातून दुसऱ्यात जायचं तर मळा किंवा गाव ओलांडावं लागतं.

हे असंच चालू राहिलं तर काय होतं, याचं उत्तर सबाहनं पाहिलं आहे. २००८ मध्ये एक सुमात्री गेंडा तेलताडाच्या मळ्यात भटकताना सापडला. त्याचं नाव ताम ठेवलं गेलं. त्याच्यासाठी जोडीदारीण शोधून पिल्लं व्हावीत म्हणून वर्षानुवर्षं प्रयत्न झाले. मे २०१९ मध्ये ताम गेला. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला इमान ही मादी गेली आणि मलेशियातला शेवटचा गेंडा संपला. मळा आला तेव्हा गेंडे एकदम मेले नव्हते. ते विखुरले, एकमेकांना भेटेनासे झाले आणि मग संपले.

तुटलेलं जोडणारे हात

हुतान ही संस्था १९९८ पासून सुकाऊत ओरांगउटानांवर काम करते. तिथली माणसं बरीचशी ओरांग सुंगाई समाजातली आहेत. ओरांग म्हणजे माणूस आणि सुंगाई म्हणजे नदी. ओरांगउटान या नावातही तोच माणूस आहे, रानातला. संस्थेनं वन्यजीव खात्याबरोबर उपनद्यांवर दोरांचे पूल बांधले. ओरांगउटान ते वापरतात का, हा प्रश्न बरीच वर्षं अनुत्तरित होता. शेवटी २०१० मध्ये दोरावरून पार होणाऱ्या एकाचं छायाचित्र मिळालं. गावच्या बायकांचं एक पथक तुटलेल्या पट्ट्यांत स्थानिक झाडांची रोपं लावतं आणि वेलींनी ती गिळू नयेत म्हणून पुढे वर्षानुवर्षं निंदणी करतं. धनेशांच्या ढोल्यांसाठी लागणारे जुने, जाड वृक्ष कमी झाले, म्हणून झाडांवर घरट्यांच्या पेट्याही टांगल्या आहेत.

नदीच्या वरच्या अंगाला बातू पुतेह भागातली गावं सहकारी संस्था काढून घरगुती मुक्काम, होड्या आणि वृक्षलागवड स्वतः चालवतात. वेंगुर्ल्याजवळच्या मांडवी खाडीत महिला बचतगट कांदळवन सफर चालवतो, ती ज्यानं पाहिली आहे त्या वाचकाला ही घडी लगेच उमगेल. जंगल उभं असेल तर घरात पैसे येतात, हे ज्याला रोज दिसतं तो जंगल राखतो.

जायचं ठरलं तर

क्वालालंपूर किंवा कोता किनाबालूहून विमानानं सांदाकान गाठावं. सबाह आपली प्रवेश-तपासणी वेगळी करतं, म्हणून मलेशियाच्या आतूनच आलात तरी पासपोर्ट हाताशी ठेवा. एप्रिल ते ऑक्टोबर हा काळ बरा. डिसेंबर-जानेवारीत ईशान्य मोसमी पावसानं पूर येतात. एका रात्रीत परतू नका, किमान दोन रात्री राहा, म्हणजे दोन संध्याकाळी, दोन पहाटा आणि एखादी रात्रीची फेरी मिळेल. दुर्बीण, पावसाचा कोट आणि मळकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे न्या. जीवरक्षक जाकीट उकडलं तरी काढू नका आणि हात पाण्यात घालू नका. या मगरी खाऱ्या पाण्यातल्या जातीच्या आणि मोठ्या आहेत.

होडी निवडताना एक-दोन प्रश्न विचारा. जनावराजवळ जाताना इंजिन बंद करता का, की विजेवरची मूक मोटर लावता? एकाच कळपाभोवती किती होड्या थांबू देता? गाईड आणि नावाडी गावातलेच आहेत का? रात्री झोपलेल्या पक्ष्याच्या डोळ्यांवर झोत धरून ठेवायला किंवा फ्लॅश मारायला सांगू नका. हत्ती नदी ओलांडत असतील तर होडी मागे घ्यायला तुम्हीच सांगा, कारण पिल्लं मधे असतात.

आपल्या स्वयंपाकघरापर्यंत

भारत हा जगातला सर्वांत मोठा पामतेल आयातदार आहे आणि ते तेल मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं. फरसाण, बिस्किटं, वेफर्स, साबण अशा कितीतरी वस्तूंतून ते आपल्या घरी पोहोचतं. पामतेल सोडून द्या, इतकं सोपं उत्तर मात्र यावर नाही. तेलताड एका हेक्टरात सोयाबीनच्या कित्येक पट तेल देतो, म्हणून त्याच्या जागी दुसरं पीक आणलं तर आणखी जमीन लागेल. मागणी करायची ती जंगल न तोडता पिकवलेल्या, प्रमाणित तेलाची आणि नदीकाठचा पट्टा मोकळा सोडण्याची. सबाहच्या कायद्यानुसार नदीच्या दोन्ही काठांना २० मीटर पट्टा राखीव हवा. काही मळे तो नियम धुडकावून पाण्याला भिडले आहेत, हे होडीतूनही दिसतं. तेल विकत घेणाऱ्या सर्वांत मोठ्या देशानं हे विचारलं तर ते ऐकलं जाईल.

तेव्हा या नदीवर जरूर जा. तुमच्या पैशानं तिथल्या माणसांचं घर चालतं आणि उभ्या जंगलाला किंमत येते. मावळतीला समोरच्या झाडावर माकडांचा कळप येऊन बसला, की मनसोक्त बघा, फोटो काढा. आणि मग गाईडला एवढं नक्की विचारा: या झाडामागे जंगल किती मीटर उरलं आहे?