गुलाबी रंगातलं सोनं

परवा सुरतेत नानपुऱ्यातल्या एका ओळखीच्या पारशी घरी गेलो होतो. मावशींनी शोकेसमधला गुलाबी फुलांचा चिनी मातीचा वाडगा हातात दिला. इतकी वर्षं त्यात सुपारी ठेवायच्या म्हणे!

बोट फिरवलं, तर पाकळ्या किंचित उठून लागल्या. म्हणजे रंग झिलईच्या वर आहे, खाली नाही.

चीनमधल्या जिंगदेझेनच्या भट्टीत भांडं आधी सुमारे १३०० अंशांवर भाजायचे. मग त्यावर मीना, म्हणजे रंगीत काचेची पूड, कुंचल्याने भरून पुन्हा मंद आचेवर, ७००-८०० अंशांवर. आपल्या जयपुरी मीनाकारीचीच रीत, फक्त धातूऐवजी चिनी माती.

आणि तो गुलाबी? तो सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे येतो! १७२०च्या सुमारास चीनमध्ये हा रंग आला. दुधाळ पांढऱ्यात मिसळला की एकाच पाकळीत गडद ते फिकट छटा उतरते. योंगझेंग आणि चिएनलुंग बादशहांच्या काळात तर त्याची बहार होती.

फुलांनाही अर्थ असतो. पिओनी वसंताची आणि वैभवाची, कमळ उन्हाळ्याचं, शेवंती शरदाची, प्लमचा बहर हिवाळ्याचा. पारशी गारा साडीवरची पिओनी आठवली ना?

बुडाशी चिएनलुंगची मुद्रा होती. "बादशाही आहे ना?" मावशींनी विचारलं. बहुधा नाही. जुन्या मुद्रा पुढेही सर्रास उठवल्या जात. पारशी व्यापारी कँटनहून आणत तो बहुतेक निर्यातीचा माल. पण मला तो सुपारीचा वाडगा म्हणूनच जास्त आवडला.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली चिनी भांडी जरूर पाहा. घरी असं काही असेल तर बुडाचा फोटो टाका, काही विचारायचं असेल तर विचारा.