भांडण पार्किंगचं, पण कलम कोणतं? मारहाणीच्या गुन्ह्यात पहिले २४ तास आणि वकिलाची निवड

रात्रीचे साडेदहा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी लावण्यावरून दोन शेजाऱ्यांत जुंपते. आवाज चढतात, कॉलर धरली जाते, एकाच्या हातातलं हेल्मेट दुसऱ्याच्या तोंडावर बसतं. सोडवायला तिसरा धावतो. तासाभरात तिघंही पोलीस ठाण्यात असतात आणि घरचे फोनवर ‘कुणी चांगला वकील आहे का ओळखीत?’ विचारत असतात.

प्रसंग काल्पनिक आहे, पण अशी वेळ कुणावरही येऊ शकते. तेव्हा वकिलाचं नाव शोधण्याआधी एक गोष्ट विचारा: कलम कोणतं लागलं? अटक होईल का, जामीन ठाण्यातच मिळेल की कोर्टात जावं लागेल, हे बरंचसं त्या आकड्यावर ठरतं.

कोणतं कलम, किती शिक्षा?

१ जुलै २०२४ पासून घडलेल्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागू होते. त्याआधीच्या घटनांचे खटले जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलमांनुसारच चालतात.

• कलम १३१ : हमला किंवा बळाचा वापर. यात जखम व्हावीच लागते असं नाही. अंगावर हात उगारून समोरच्याला आता मार बसणार अशी भीती घातली, तरी तो हमला ठरू शकतो. शिक्षा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अदखलपात्र, जामीनपात्र.

• कलम ११५(२) : साधी दुखापत. एफआयआरमध्ये ‘लाथाबुक्क्यांनी मारहाण’ असं वाचतो, तिथे बहुतेक वेळा हे कलम असतं. १ वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अदखलपात्र, जामीनपात्र.

• कलम ११७(२) : जबर दुखापत. हाड किंवा दात मोडणं, निखळणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, १५ दिवस तीव्र वेदना किंवा रोजची कामं करता न येणं, अशा जखमा यात येतात. ७ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. दखलपात्र, पण जामीनपात्र.

• कलम ११८(१) : घातक हत्याराने दुखापत. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दखलपात्र आणि अजामीनपात्र.

• कलम ११८(२) : घातक हत्याराने जबर दुखापत. किमान १ वर्ष, कमाल १० वर्षं किंवा जन्मठेप, शिवाय दंड. अजामीनपात्र.

• कलम १०९ : खुनाचा प्रयत्न. १० वर्षांपर्यंत कैद, दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत. अजामीनपात्र, खटला सत्र न्यायालयात.

यातली मेख लक्षात घ्या. नुसत्या बुक्कीने दात पडला तर गुन्हा ७ वर्षांच्या शिक्षेचा, पण जामीनपात्र. चाकूने नुसतं खरचटलं तर शिक्षा कमी, पण गुन्हा अजामीनपात्र. मग हेल्मेटचं काय? कापणारी-भोसकणारी वस्तू किंवा हत्यार म्हणून वापरल्यास मृत्यू ओढवू शकेल अशी वस्तू, असं कायदा म्हणतो. हेल्मेट त्यात बसतं का, यावर वाद घालता येतो, आणि तो घालायला जाणता वकील लागतो. डॉक्टरांचा जखमांचा दाखला इथे फार महत्त्वाचा ठरतो.

एनसी म्हणजे काय?

गुन्हा अदखलपात्र असेल तर पोलीस ‘एनसी’ नोंदवतात. अशा प्रकरणात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही आणि वॉरंटशिवाय अटकही होत नाही. दखलपात्र गुन्ह्यात मात्र एफआयआर होतो. त्याची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. संवेदनशील प्रकरणं वगळता एफआयआर पोलिसांच्या वेबसाइटवर टाकावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. त्यामुळे आरोपीच्या घरच्यांनी महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर तो शोधावा.

लगेच अटक होते का?

प्रत्येक वेळी नाही. ७ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज का आहे, हे पोलिसांनी कागदावर मांडावं लागतं. अर्नेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हे ठणकावून सांगितलं. अटकेची गरज नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) नुसार हजर राहण्याची नोटीस येते. ती टाळू नका. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला कारण नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही.

अटक झालीच तर त्याची कारणं सांगणं, नातेवाइकांना कळवणं आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणं बंधनकारक आहे. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, मात्र पूर्ण वेळ वकील शेजारी बसवता येत नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कुणावरही करता येत नाही.

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे, तो ठाण्यातही मिळतो. अजामीनपात्र गुन्ह्यात तो कोर्ट ठरवतं. अटकेची भीती असेल तर सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात अटकपूर्व जामिनासाठी अर्ज करता येतो.

वकील कसा निवडायचा?

गुगलवर ‘नंबर वन क्रिमिनल लॉयर’ अशा जाहिराती दिसतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे. त्यामुळे जाहिरात हा निवडीचा निकष होऊच शकत नाही. त्याऐवजी हे तपासा:

१. सनद : महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारण्यात गैर काही नाही.

२. कामाचा अनुभव : ‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ ॲपवर वकिलाच्या नावाने खटले शोधता येतात. तुमचं प्रकरण जिथे चालणार, त्याच कोर्टात ते फौजदारी कामं करतात का, हे पाच मिनिटांत कळतं.

३. पहिल्या भेटीतले प्रश्न : कलम योग्य लागलं आहे का? जामिनाचा अर्ज कुठे करायचा? तारखेला तुम्ही स्वतः उभे राहणार की सहकारी?

४. फी : जामिनाची किती, खटल्याची किती, हे लेखी ठरवा आणि पावती घ्या. निकालावर अवलंबून फी ठरवणं नियमबाह्य आहे. ‘सुटका नक्की’ अशी हमी देणाऱ्यापासून आणि ‘साहेबांशी बोलून मिटवतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थापासून चार हात लांब राहा.

पैसे नसतील तर?

कोठडीतली व्यक्ती, महिला, मुलं, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा.

सोडवायला गेलेल्याचं काय?

कलम ३(५) म्हणजे समान इराद्याने केलेलं कृत्य. हे कलम लावलं की सोडवायला धावलेल्या तिसऱ्याचंही नाव आरोपींमध्ये येऊ शकतं. खटला कोर्टात प्रलंबित असेल तर पासपोर्टसाठी कोर्टाची परवानगी लागू शकते. नोकरीसाठीच्या पोलीस पडताळणीतही हा विषय निघतो.

त्याच्या बाजूने सगळ्यात मोठा साक्षीदार बहुतेक वेळा पार्किंगमधला कॅमेरा असतो. पण डीव्हीआरची हार्ड डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. म्हणून फुटेज जपून ठेवावं, असा लेखी अर्ज सोसायटीला त्याच दिवशी द्या आणि त्याची पोच घ्या. व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरवू नका. तिथे फाइल दाबली जाते आणि तिची हॅश व्हॅल्यू बदलते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हीच हॅश लिहावी लागते. मूळ फाइल तशीच पेन ड्राइव्हवर घ्या आणि वकिलाला दाखवा.

समोरच्या पक्षाला परस्पर फोन करून ‘तक्रार मागे घे’ म्हणू नका. तो धमकीचा नवा गुन्हा ठरू शकतो. ११५(२) चं प्रकरण जखमी व्यक्तीच्या संमतीने कोर्टात मिटवता येतं. ११८ लागलं असेल तर तडजोडीनंतरही गुन्हा रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयातच जावं लागतं. म्हणूनच ठाण्यातून निघण्याआधी एफआयआर किंवा एनसीचा क्रमांक, लागलेली कलमं आणि तपास अधिकाऱ्याचं नाव, या तीन गोष्टी मोबाइलमध्ये टिपून घ्या. वकिलाला पहिला फोन कराल तेव्हा तो याच विचारेल.