बिनमुकुटाचे किंग्ज

एकच ट्रॉफी, तीन शहरांना टाटा-बायबाय आणि सलग सोळा सीझन प्लेऑफच्या दाराबाहेर... तरीही सॅक्रामेंटो किंग्जच्या फॅन्सनी आपली टीम हातची जाऊ दिली नाही. जिंकणाऱ्यांच्या गोष्टी सगळेच सांगतात. ही गोष्ट टिकून राहणाऱ्यांची!

बास्केटबॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? शिकागो बुल्सचा लाल टी-शर्ट, जॉर्डनचं पोस्टर, लेकर्सची पिवळी जर्सी. एफसी रोडवर किंवा लिंकिंग रोडवर अर्धा तास उभे राहा, यातलं काही ना काही दिसतंच. पण सॅक्रामेंटो किंग्जचा जांभळा टी-शर्ट घातलेला कुणी भेटला तर मला जरूर सांगा. त्याला कॉफी माझ्याकडून!

मी या टीमच्या नादी लागले ती २०१९ साली. तेव्हा मास कॉमचा अभ्यास चालू होता आणि ऑक्टोबरच्या ४ आणि ५ तारखेला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएच्या भारतातल्या पहिल्यावहिल्या मॅचेस झाल्या. किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. तिकीट खिशाला परवडणारं नव्हतं, म्हणून टीव्हीसमोर ठाण मांडलं. पहिली मॅच ओव्हरटाइमला गेली आणि किंग्ज १३२-१३१ अशी, एका पॉइंटने हरले. दुसरी सरळसरळच हरले. म्हटलं, आहे कोण ही टीम? शोधायला बसले आणि अडकलेच. आता हिवाळ्यात त्यांची घरची मॅच आपल्याकडे सकाळी साडेआठला सुरू होते. म्हणजे ऑफिसच्या कॅबमध्ये एका हातात डबा, दुसऱ्या हातात स्कोअर.

पहिलं घर, एकमेव ट्रॉफी

गोष्ट सुरू होते सॅक्रामेंटोपासून हजारो किलोमीटर लांब, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये. कोडॅक कंपनीचं गाव. तिथली रॉचेस्टर रॉयल्स ही टीम १९४५ मध्ये प्रोफेशनल लीगमध्ये उतरली. १९५१ मध्ये ती एनबीएच्या फायनलला पोहोचली, समोर न्यूयॉर्क निक्स. रॉयल्सनी पहिल्या तीन मॅचेस खिशात घातल्या... आणि पुढच्या तीन घालवल्या! सातवी मॅच ७९-७५ अशी जिंकून ट्रॉफी घरी आली. स्कोअर बघून हसू नका. ठरावीक सेकंदांत बॉल बास्केटकडे मारायलाच हवा, हा शॉट क्लॉकचा नियम १९५४ मध्ये आला. त्याआधी मॅचेस अशाच रमतगमत चालायच्या.

ती या टीमची पहिली एनबीए फायनल आणि तीच शेवटची.

१९५६ मध्ये नवे खेळाडू निवडताना पहिला नंबर रॉचेस्टरचा होता. समोर बिल रसेल होता. त्यांनी घेतलं सिह्युगो ग्रीनला. रसेल बॉस्टन सेल्टिक्सकडे गेला आणि १३ सीझनमध्ये ११ वेळा चॅम्पियन झाला! पुढचा विनोद नियतीने केला. १९८७ मध्ये हाच रसेल किंग्जचा कोच म्हणून आला आणि १७ विजय, ४१ पराभव असा हिशेब झाल्यावर सीझन संपायच्या आतच त्याला बाजूला केलं गेलं.

ट्रॉफीपेक्षा मोठा माणूस

१९५७ मध्ये टीमने बिऱ्हाड हलवलं, सिनसिनाटीला. तिथला स्टार होता मॉरिस स्टोक्स. पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित, तिन्ही सीझन ऑल-स्टार. १२ मार्च १९५८ ला मिनियापोलिसच्या मॅचमध्ये तो डोक्यावर आपटला. शुद्ध हरपली, मग आली, आणि गडी परत खेळायला उतरला. तीन दिवसांनी डेट्रॉइटची प्लेऑफ मॅच खेळून परतताना विमानात त्याला झटका आला. पुढचं आयुष्य पॅरालिसिसमध्ये. वय अवघं २४.

आणि इथे एंट्री होते जॅक ट्वायमनची. टीममधला सहकारी, वय २३. त्याने कोर्टात अर्ज करून स्टोक्सचं कायदेशीर पालकत्व घेतलं. दवाखान्याच्या बिलांसाठी दरवर्षी खेळाडूंना गोळा करून मदतीच्या मॅचेस भरवल्या. १९७० मध्ये स्टोक्स गेला, तोपर्यंत म्हणजे तब्बल बारा वर्षं! लक्षात घ्या, स्टोक्स काळा, ट्वायमन गोरा, आणि हा १९५८ चा अमेरिका देश. आपण ऑफिसात एकाच टीममध्ये आहोत म्हणतो, तेव्हा नक्की काय म्हणतो, असा प्रश्न मला ही गोष्ट वाचून पडला होता. एनबीए आज सर्वोत्तम सहकाऱ्याला जो पुरस्कार देते, त्याला या दोघांचंच नाव आहे.

ऑस्करचा डबल धमाका

याच सिनसिनाटीत १९६० मध्ये आला ऑस्कर रॉबर्टसन. एका मॅचमध्ये पॉइंट्स, रिबाउंड्स आणि असिस्ट्स, तिन्हींत दोन आकडी मजल मारली की तो ट्रिपल-डबल. साहेबांनी १९६१-६२ च्या अख्ख्या सीझनची सरासरीच तशी ठेवली. ३०.८ पॉइंट्स, १२.५ रिबाउंड्स, ११.४ असिस्ट्स! हा पराक्रम पुन्हा व्हायला ५५ वर्षं लागली. २०१६-१७ मध्ये रसेल वेस्टब्रुकने तो केला.

पण ऑस्करचं खरं काम कोर्टावर नाही, कोर्टात झालं. तुम्ही-आम्ही नोटीस पिरियड भरतो, पार्टी देतो आणि नव्या कंपनीत रुजू होतो. तेव्हाच्या खेळाडूंना ती सोय नव्हती. करार संपला तरी तुमच्यावर हक्क जुन्याच टीमचा. खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष म्हणून ऑस्करने १९७० मध्ये एनबीएविरुद्ध दावा ठोकला. १९७६ मध्ये तडजोड झाली आणि टीम बदलायची वाट खुली झाली. आजचे खेळाडू जे करोडोंचे करार करतात, त्यामागे ही लढाई आहे. तोवर ऑस्कर स्वतः मिलवॉकीला गेला होता आणि १९७१ मध्ये तिथे चॅम्पियनही झाला होता. रॉयल्सच्या नशिबी पुन्हा टाळ्याच!

१९७२ मध्ये दुसरं स्थलांतर. या वेळी कॅन्सस सिटी, आणि काही मॅचेस शेजारच्या ओमाहात. कॅन्सस सिटीत रॉयल्स नावाची बेसबॉल टीम आधीपासून होती, म्हणून आपले रॉयल्स झाले किंग्ज. पहिल्याच सीझनमध्ये टायनी आर्चिबाल्डने पॉइंट्स (सरासरी ३४) आणि असिस्ट्स (सरासरी ११.४) या दोन्ही याद्यांत पहिला नंबर काढला. एकाच सीझनमध्ये हे जमवणारा तो एनबीएच्या इतिहासातला एकमेव!

गुरांच्या घंटा आणि हाऊसफुल्ल

१९८५ मध्ये तिसरं बिऱ्हाड, कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो. सरकारी कचेऱ्या, आजूबाजूला शेती, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या झगमगाटापुढे जरा दबलेलं शहर. दुसरी कुठली मोठी प्रोफेशनल टीम त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी किंग्जना अक्षरशः डोक्यावर घेतलं.

किती? १९९०-९१ चा सीझन बघा. परगावच्या ४१ मॅचेसपैकी किंग्जनी जिंकली फक्त एक. चाळीस हार! पण घरच्या ४१ पैकी जिंकल्या २४. टीम तीच, खेळाडू तेच. फरक फक्त कोण ओरडतंय याचा. होम ग्राउंडचा फंडा याहून सोप्या भाषेत कुणी सांगू शकणार नाही.

मग १९९८ पासून अच्छे दिन आले. ख्रिस वेबर, व्लादे दिवाच, पेजा स्टोयाकोविच आणि कोच रिक एडेलमन. पासिंग असं, की बघणाऱ्याची मान दुखावी. लेकर्सचा कोच फिल जॅक्सन याने सॅक्रामेंटोला अर्धवट सुधारलेलं गाव म्हणून हिणवलं, तर पब्लिक चिडलं नाही. ते गाई-गुरांच्या गळ्यातल्या घंटा घेऊन आलं आणि लेकर्सच्या बेंचमागे बसून बडवू लागलं. याला म्हणतात स्टाइल!

२००१-०२ मध्ये किंग्जनी ८२ पैकी ६१ मॅचेस जिंकल्या. हा टीमचा आजवरचा उच्चांक. वेस्टर्न कॉन्फरन्सच्या फायनलमध्ये लेकर्सना गाठलं. चौथ्या मॅचमध्ये शेवटच्या क्षणी रॉबर्ट ऑरीने लांबून बॉल टाकला आणि लेकर्स १००-९९ ने जिंकले. सहाव्या मॅचच्या शेवटच्या क्वार्टरमध्ये लेकर्सना २७ फ्री थ्रो मिळाले. त्या रेफरींच्या निर्णयांवर अजूनही वाद होतात. सातवी मॅच सॅक्रामेंटोत होती, ओव्हरटाइमला गेली आणि १०६-११२ अशी हातातून निसटली. पुढे चॅम्पियन झाले अर्थातच लेकर्स. (शहराला ट्रॉफी दिली ती मुलींनी. सॅक्रामेंटो मोनार्क्सनी २००५ मध्ये डब्ल्यूएनबीए जिंकली.)

सामान बांधा... नाही बांधत!

२००६ नंतर उतार सुरू झाला. २०११ मध्ये तेव्हाचे मालक मलूफ बंधू टीम अनाहाइमला न्यायच्या बेतात होते. ते टळलं, तर जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी सिएटलच्या ग्रुपला टीम विकायचा सौदा केला. म्हणजे चौथं बिऱ्हाड जवळपास नक्की.

पण या वेळी शहर आडवं आलं. महापौर केव्हिन जॉन्सन स्वतः एनबीएचा माजी खेळाडू. त्याने नवा खरेदीदार शोधायला जमीन-अस्मान एक केलं, फॅन्सनी मोहिमा काढल्या. आणि खरेदीदारांचा पुढारी कोण निघाला? मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे! एमआयटीत शिकलेले, टिबको ही सॉफ्टवेअर कंपनी काढलेले. आडनाव वाचून आपले कान टवकारतात ना? माझेही टवकारले. १५ मे २०१३ ला एनबीएच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी सिएटलचा प्रस्ताव फेटाळला. किंग्ज राहिले. २०१६ मध्ये शहराच्या मधोमध नवं स्टेडियम, गोल्डन वन सेंटर, उभं राहिलं. त्यात जनतेचाही पैसा लागला आणि त्यावरून भांडणंही झाली.

रणदिवे हिरो, गोष्ट संपली, असं मात्र झालं नाही. कोच बदलत राहिले. २०१४ मध्ये काढलेला मायकल मलोन २०२३ मध्ये डेन्व्हरला चॅम्पियन करून गेला. २०१८ मध्ये दुसऱ्या नंबरवर लुका डॉन्चिच मिळत असताना घेतलं मार्विन बॅगलीला. १९५६ आठवलं ना? २००६-०७ ते २०२१-२२, सलग सोळा सीझन प्लेऑफ नाही. एनबीएमधला सर्वांत लांब दुष्काळ!

२०२२-२३ मध्ये अखेर पाऊस पडला. कोच माइक ब्राउन, डीआरॉन फॉक्स आणि डोमान्टास सबोनिस यांनी ४८ विजय मिळवले. लॉस एंजेलिस क्लिपर्सविरुद्ध दोन ओव्हरटाइमनंतर १७६-१७५ अशी मॅच काढली. पॉइंट्सच्या बेरजेत एनबीएच्या इतिहासातली दुसऱ्या क्रमांकाची! जिंकल्यावर स्टेडियमच्या छतावरून जांभळ्या लेझरचा झोत आकाशात सोडायची प्रथाही याच सीझनमध्ये सुरू झाली. रात्री घरी भांडी घासत असलात तरी खिडकीतून कळतं, आपले जिंकले. प्लेऑफमध्ये गोल्डन स्टेटने सातव्या मॅचला हरवलं, स्टेफ करीने एकट्याने ५० पॉइंट्स ठोकले. आणि पुढे? डिसेंबर २०२४ मध्ये ब्राउनला काढलं, फेब्रुवारी २०२५ मध्ये फॉक्स सॅन अँटोनिओला गेला.

किंग्ज क्विक बाइट्स
• एनबीए ट्रॉफी : १ (१९५१)
• घरं : रॉचेस्टर, सिनसिनाटी, कॅन्सस सिटी-ओमाहा, सॅक्रामेंटो
• सर्वोत्तम सीझन : ६१ विजय, २१ पराभव (२००१-०२)
• नकोसा रेकॉर्ड : सलग १६ सीझन प्लेऑफ नाही
• देसी कनेक्शन : भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू सिम भुल्लर एप्रिल २०१५ मध्ये किंग्जकडूनच उतरला. उंची ७ फूट ५ इंच!

मग अशा टीमच्या मागे का लागायचं, असं माझी रूममेट मला दर मोसमात विचारते. ती दोन वर्षांत तिसऱ्या कंपनीत आहे, मी चौथ्या भाड्याच्या घरात. आपल्या पिढीला सोडून जाणं चांगलं जमतं आणि त्यात वाईट काही नाही. ऑस्कर रॉबर्टसन त्यासाठीच तर लढला. पण रेकॉर्ड बुकमध्ये एक रकाना नसतो, तो म्हणजे कोण थांबलं याचा. बारा वर्षं मित्राची बिलं भरणारा ट्वायमन त्यात बसतो. चाळीस वेळा बाहेर हरून आलेल्या टीमसाठी घरचं स्टेडियम दणाणून सोडणारे बसतात. टीम विकली गेली हे ऐकूनही ‘जाऊ देणार नाही’ म्हणणारेही बसतात.

ट्रॉफी मिळाली तर पार्टी पक्की. तोपर्यंत एक मॅच, एक लेझर, एवढ्यावर भागवायचं. काय हरकत आहे बॉस?